काजळडोहातली अहीर

अकोला जिल्ह्यातली एक मासोळी समुद्रावर नेऊन सोडायची होती. मोहिमेचा हेतू एवढाच. ज्याला सांगावं तो आधी हसायचा आणि मग विचारायचा, "बरं, आता खरं काय ते सांगा." हसणाऱ्याचा तरी काय दोष? वऱ्हाडातल्या माणसाला समुद्र म्हणजे आयुष्यात एकदा जाऊन, पाय भिजवून, फोटो काढून परत यायची गोष्ट. तिथून मासे इकडे आणायचे म्हटलं तर कुणालाही पटेल. इकडून तिकडे मासा न्यायचा, हे कुणाच्या डोक्यात शिरणार?

संध्या तेलगोटेला मात्र हसू येत नव्हतं. ती दहीहांड्याकडची मुलगी. अकोल्याला शिकली आणि पुढे किनाऱ्यावरच्या एका संशोधन संस्थेत माशांचा अभ्यास करू लागली. एके दिवशी तिच्या फोनवर फिरत फिरत एक व्हिडिओ आला. हिवरखेडच्या खुशालराव नावाच्या शेतकऱ्यानं सातपुड्यातल्या काजळडोहावर तो काढला होता. डोहातल्या माशांना खायला टाकलंय, मासे उसळताहेत, आणि त्यांच्या मागून मनगटाहून जाड, लांबलचक असं काहीतरी सावकाश वळसा घालून कपारीत शिरतंय. मागून कुणीतरी म्हणतं, "बाम हाय बे, बाम." संध्यानं व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिला. पाठीवर बामीसारखे काटे नव्हते, तोंडही टोकदार नव्हतं. ही बाम नव्हे, ही अहीर!

अहीर म्हणजे काय ते इथेच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढची सगळी धडपड वेडेपणाची वाटेल. अहीर जन्मते समुद्रात, कुठेतरी खोल. तिचं काडीएवढं, काचेसारखं आरपार दिसणारं पिल्लू नदीच्या मुखातून आत शिरतं आणि प्रवाहाच्या उलट चढत राहतं. ओल्या भिंतीवरूनसुद्धा चढतं म्हणे. मग एखादा डोह गाठून ती वर्षानुवर्षं तिथे राहते, वाढते. आणि एका पावसाळ्याच्या शेवटी तिला परत जायचे वेध लागतात. पोट रुपेरी होतं, डोळे मोठे होतात, हळूहळू खाणं सुटतं. समुद्रात जाऊन ती एकदाच अंडी घालते आणि मरते. युरोपातल्या अहिरांच्या पाठीवर टॅग लावून त्या अटलांटिक महासागरात कुठवर जातात हे शास्त्रज्ञांना अलीकडेच कळलं. आपल्या अहिरा हिंदी महासागरात नेमक्या कुठे जातात, हे अजून कुणालाच ठाऊक नाही.

संस्थेकडे असे टॅग मोजकेच होते. पाठीवर बसवायचं बोटाएवढं यंत्र. ते ठरल्या दिवशी आपोआप सुटून पाण्यावर येणार आणि मासा कुठे गेला, किती खोल गेला, ते सगळं उपग्रहाला कळवणार. उरलेला शेवटचा टॅग संध्यानं भांडून मिळवला. समुद्रापासून इतक्या आतली अहीर कुणी कधी समुद्रात जाताना पाहिली नव्हती. ती गेली तर जगाला कळणार होतं. आणि खरं सांगायचं तर जगाचं नंतर, संध्याला त्या एका मासोळीचं मनापासून वाईट वाटत होतं. डोहाखाली वान नदीवरचं धरण, पुढे पूर्णा, पुढे तापी आणि तापीवर भिंतींमागून भिंती. काडीएवढी असताना ती कशी चढून आली कुणास ठाऊक. आता एवढ्या थोराड अंगानं तिला उतरता येणार नव्हतं. म्हणून तिला पकडायचं, टॅग लावायचा, पाण्याच्या ड्रममध्ये घालून गाडीनं थेट सुरतेजवळ तापीच्या मुखाशी न्यायचं आणि खाऱ्या पाण्यात सोडून द्यायचं.

वनखात्याची परवानगी यायला पावसाळा सरला. ऑक्टोबरातल्या एका सकाळी चौघे निघाले. पुढे वाट दाखवायला वनरक्षक श्रावण, बोलण्यात काटकसरी माणूस. मागे साठी ओलांडलेले खुशालराव, खांद्यावर दुपट्टा आणि डोक्यावर गोवऱ्यांनी भरलेला बारदाना. त्यांच्यामागे संध्या. आणि शेवटी पाठीवर रिकामा निळा ड्रम बांधलेला नितेश. हा अकोल्याच्या एका बचाव पथकातला पोहणारा गडी, संध्याच्या कॉलेजातला. अंगानं दांडगा आणि तोंडानं त्याहून दांडगा.

"काका, त्या गोवऱ्या काहून घेतल्या?" त्यानं विचारलं. "जंगलात लाकडं नाहीत काय?"

"रोडगे गोवरीवरच भाजा लागतात," खुशालराव मागे न वळता म्हणाले. "लाकडावर करपतात भैताडा."

संत्र्यांचे बगीचे मागे पडले. काळी माती संपून पायाखाली मुरूम वाजू लागला, मग साग, धावडा, सालई. पावसानं वाढलेलं गवत छातीला लागत होतं आणि त्यातून चालताना कपडे कुसळांनी भरून जात होते. वरून ऑक्टोबरचं ऊन असं तापत होतं की सकाळीच पाण्याच्या बाटल्या अर्ध्या झाल्या. पण हवा स्वच्छ होती, डोंगर हिरवा होता आणि सातपुड्याच्या त्या रांगा एकामागे एक निळ्या होत गेलेल्या पाहून संध्याला वाटलं, ही मासोळी इथेच राहायचं म्हणाली तरी तिचं काही चुकलं नसतं.

एका वळणावर श्रावणनं हात वर केला. सगळे थिजले. वाटेच्या कडेला वारुळात तोंड खुपसून एक अस्वल बसलं होतं! त्यानं मान वर केली. नाकानं हवा ओढली. मग मागच्या दोन पायांवर उभं राहिलं.  नितेशनं हळूच एक पाऊल मागे घेतलं, आणि पाठीवरच्या ड्रमची गाठ सुटली. ड्रम खडकावर आपटला आणि ढमढम वाजत उताराला लागला. असला आवाज त्या अस्वलानं जन्मात ऐकला नसावा. ते कान पाडून झाडीत पळालं ते पळालंच.

"पाह्यलं?" नितेश कपाळावरचा घाम पुसत म्हणाला. "मले असंच कराचं होतं."

ड्रम दरीच्या तोंडाशी एका झुडपात अडकलेला सापडला. चेपला होता, फुटला नव्हता. तिथून पुढे वाट नव्हतीच. दोन काळ्या कड्यांच्या मधून नाला खाली उतरत गेला होता आणि दोर लावून, बुडावर घसरत, एकमेकांना हात देत सगळे खाली पोचले.

काजळडोहाला ते नाव उगाच नाही पडलं. तिन्ही बाजूंनी उभा कडा, चौथ्या बाजूला वाळूचा अरुंद पट्टा, आणि मधे काळंशार, हलत नसल्यासारखं पाणी. नाला वरच्या फटीतून येऊन डोहात पडत होता आणि पट्ट्याच्या टोकाशी निमुळता होऊन खाली निघून जात होता. वाळूवर उभं राहिलं की वर आभाळाची एक पट्टी तेवढी दिसे. त्या पट्टीच्या उत्तरेच्या टोकाला श्रावण बराच वेळ बघत होता.

"वरतं पानी हाय जी," तो म्हणाला. "लवकर आटपा लागते."

संध्यानं पाहिलं. डोंगरमाथ्यावर एक काळसर रेघ होती, बाकी लख्ख ऊन. ती जाळं सोडवू लागली. खुशालरावांनी तिच्या हातावर हात ठेवला.

"हे पाय पोरी, या डोहातून काई न्यायचं असलं तं आधी त्याले जेवू घाला लागते. माह्या आजानं तसंच केलं, माह्या बापानं तसंच केलं."

संध्याच्या घरी देवाधर्माचं काही नव्हतं. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि तेवढंच. पण वाद घालायची गरजही नव्हती. अहीर कपारीतून बाहेर येते ती डोहात रोडगे टाकतात तेव्हाच, हे व्हिडिओत दिसलं होतं. मासे जमले की तीही येते, वर्षानुवर्षांच्या सवयीनं. त्या खोल कपारीत जाळं घालून ती हाती लागली नसती. "भाजा, काका," ती म्हणाली.

गोवऱ्या पेटल्या. खुशालरावांनी जाडसर कणकेचे गोळे वळले, निखाऱ्यात पुरले आणि मांडी घालून बसले. रोडग्याला घाई चालत नाही. वरून फुगतो, आतून कच्चा राहतो. संध्या घड्याळाकडे बघे, श्रावण आभाळाकडे, नितेश निखाऱ्यांकडे. अखेर राख झटकून पहिला रोडगा खुशालरावांनी फोडला, कुस्करला आणि हात जोडून पाण्यात टाकला.

पाणी फुटलं! चारी बाजूंनी मासे आले, एकमेकांच्या अंगावर चढून, शेपट्या आपटत. संध्या गुडघाभर पाण्यात जाळ्याची काठी धरून उभी होती, पलीकडे नितेश. आणि मग त्या गोंधळाच्या खालून, अजिबात घाई न करता, ती आली. पाठ शेवाळी, पोट चांदीसारखं, डोळे केवढाले! ती खात नव्हती. नुसती फिरत होती.

"आता!"

जाळं वर आलं आणि दोघंही आडवी झाली. पाण्याखाली ती पिळवटत होती, नितेशच्या दंडाला विळखा घालत होती. खुशालराव धोतरासकट पाण्यात उतरले. तिघांनी मिळून तिला वाळूवर आणली तेव्हा कुणाच्याच अंगावर कोरडी चिंधी उरली नव्हती. उभी धरली असती तर ती संध्याच्या खांद्यापर्यंत भरली असती.

ड्रममध्ये पाणी भरलं होतं, वर चढताना त्यातलं बरंचसं ओतून टाकायचं होतं; बॅटरीवरचा हवेचा पंप बुडबुडे सोडत होता. संध्यानं लवंगाच्या तेलाचे थेंब टाकून तिला गुंगी आणली आणि पाठीवर टॅग बसवला. काम नीट झालं. खुशालराव वाकून बघत होते.

"हे एवढं पाठीवर घेऊन जाईन ती?"

"जाईन, काका. पार समुद्रात. आन् मले सांगन, कुठी गेली ते."

आता निघायचं. पण उरलेले रोडगे अजून निखाऱ्यातच होते, आणि डोहाचा रोडगा घरी न्यायचा नसतो. तो तिथेच वाळूवर बसून संपवायचा. खुशालरावांनी डब्यातली वांग्याची भाजी काढली, तूप काढलं. श्रावणनं पुन्हा एकदा वर पाहिलं. सगळ्यांनी संध्याकडे पाहिलं, कारण मोहीम तिची होती. अहिरीला शुद्धीवर यायला वेळ लागणारच होता. वर चढायला अंगात ताकद हवी होती. आणि ती मासोळी हातात आली होती, त्या आनंदात माणसाला आभाळ दिसत नाही. "खाऊन घेऊ," संध्या म्हणाली. तिच्या आयुष्यातली सगळ्यात महागडी दोन वाक्यं मोजायची झाली तर त्यातलं हे पहिलं.

सगळे जेवायला बसले. श्रावणसुद्धा बसला. रोडगा खरोखर सुरेख झाला होता.

नितेशनं दुसरा रोडगा उचलला आणि तोंडापाशीच थांबला. "हा वास कशाचा येऊन राहिला?"

ओल्या मातीचा वास होता. डोहाच्या पाण्यावर पालापाचोळा तरंगत आला होता, फेस आला होता. वरच्या फटीतून एक आवाज येत होता, दळण लांबून ऐकू यावं तसा, आणि तो वाढत होता.

"उठा!" श्रावण ओरडला.

पाणी भिंतीसारखं आलं. निखारे विझले. वाळू पायाखालून निघाली. संध्यानं आणि नितेशनं ड्रम उचलायला हात घातला. पाण्यानं भरलेला ड्रम जागचा हलेना! मागे, माणूस दीड माणूस उंचीवर, कड्याला एक सपाट पायरी होती. श्रावण वर चढला, खुशालरावांना ओढून घेतलं. पाणी कमरेला लागलं. "ताई, मासा काढ!" नितेश ड्रमला पाठ लावून उभा राहिला. संध्यानं गोवऱ्यांचा रिकामा बारदाना पाण्यात बुचकळला, ड्रममध्ये दोन्ही हात घातले, ते सुस्त, गार, निसरडं अंग कवेत घेऊन बारदान्यात कोंबलं. वरून खुशालरावांचा दुपट्टा लोंबला. तिनं बारदाना वर दिला. मग स्वतः चढली. मग नितेश. आणि तेवढ्यात एक वाहतं खोड आलं आणि त्याचा पाय खडकावर चेपून पुढे निघून गेलं.

नितेश ओरडला नाही. त्याचा चेहरा पांढरा पडला, इतकंच. तिघांनी त्याला दंडांना धरून वर ओढला. निळा ड्रम पट्ट्याच्या टोकाशी एकदा फिरला आणि खालच्या फटीत दिसेनासा झाला. पंप अजून चालूच होता.

त्या पायरीवर चार माणसं दाटीवाटीनं मावत होती. वर कड्याला एक भेग होती. धडधाकट माणूस तिच्यातून चढू शकला असता. नितेशचा पाय गुडघ्याखाली भलत्याच दिशेला वळला होता. फोनला रेंज नव्हती, श्रावणच्या वायरलेसला खरखरीखेरीज काही येत नव्हतं.

"मी जातो," श्रावण म्हणाला. "माथ्यावर गेल्याबिगर निरोप पोचत नाही. पन सकाळच्या आंधी इथी कोनी येऊ शकत नाही जी." त्यानं दोर कमरेला बांधला आणि भेगेत शिरला. थोड्या वेळानं त्याच्या पायाखालचे दगड पडायचेही थांबले.

मग करण्यासारखं काही उरलं नाही. पाणी खाली घोंगावत होतं. डोंगरमाथ्यावरचा पाऊस इथे आलाच नव्हता. उलट आभाळाच्या पट्टीतून ऊन उतरलं आणि काळा खडक तव्यासारखा तापला. नितेशच्या पायाला वाहत आलेली काठी आणि संध्याची ओढणी बांधून झाली. संध्यानं बारदाना उघडला. अहीर गुंगीतून पुरती बाहेर आली नव्हती. कल्ले उघडत होते, पण अगदी सावकाश. अशा वेळी तिला वाहतं, गार पाणी हवं होतं. पाणी चिक्कार होतं, पण हात पुरत नव्हता. दोर श्रावणबरोबर गेला होता, बाटल्या वाहून गेल्या होत्या. खुशालरावांनी दुपट्ट्याचं टोक खाली सोडलं, भिजवलं, वर ओढलं आणि बारदान्यावर पिळलं. पुन्हा सोडलं, पुन्हा पिळलं. म्हाताऱ्या माणसाचे हात लाल झाले. अंगावरचा बुळबुळीत थर तरी सुकतच चालला होता.

"काई तरी कर ना वं," ते शेवटी म्हणाले. "तू शिकेल हायस."

"काका, मले नाही समजून राहिलं काही."

ते खरंच होतं. इतकी वर्षं ती या माशांबद्दल वाचत, लिहीत, बोलत आली होती आणि आता तिच्या मांडीवर एक अहीर मरत होती आणि तिच्याजवळ एक ओला दुपट्टा होता. तिला रडू आलं नाही. राग आला, आणि तो कुणावर काढावा तेही कळेना. रोडग्यावर? आभाळावर? स्वतःच्याच भुकेवर?

ऊन कलताना पाणी आणखी चढलं. मग ते पायरीच्या हातभर खाली येऊन थांबलं. आता पालथं झोपून हात घातला तर पाणी लागत होतं. संध्या त्या गढूळ पाण्याकडे बघत राहिली. दोघांनाही कळलं ती काय बघतेय ते.

"सोडली तं धरणात जाईन," नितेश दात आवळून म्हणाला.

"हो. आन् ठेवली तं सकाळपावतर राहात नाही."

"मंग टॅग तरी काढून घे, ताई. दुसऱ्या माशाले लावता येईन. शेवटला हाय म्हनली होतीस ना."

तिनं टॅगच्या तारेला बोट लावलं. अहिरीचं अंग एकदा शहारलं आणि कल्ले थांबले. संध्यानं बोट काढून घेतलं. श्वासभरानं कल्ले पुन्हा उघडले. तार सोडवायला वेळ लागला असता आणि तेवढा वेळ त्या जिवात नव्हता.

"राहू दे," ती म्हणाली. "मले पाहाचं हाय, कुठी जाते ते." दुसरं महागडं वाक्य ते हे.

ती पालथी झोपली. खुशालरावांनी तिचे घोटे धरले. तिनं अहीर दोन्ही हातांत घेऊन पाण्यात धरली. पाण्याचा जोर मनगटं उपटून नेत होता. थोडा वेळ गेला, काही नाही. मग पाणी कल्ल्यांतून वाहू लागलं. शेपूट हललं. एकदम त्या अंगात ताकद आली, हातात मावेनाशी, आणि ती गेली! पाठीवरचा टॅग गढूळ पाण्यात क्षणभर चमकला तेवढाच.

"जाय माय," खुशालराव म्हणाले. संध्याचे घोटे त्यांनी बराच वेळ सोडले नाहीत.

सकाळी माणसं आली, दोर आले, झोळी आली. नितेशच्या पायात सळई बसली आणि महिन्याभरात त्याचं तोंड पूर्ववत चालू लागलं. संस्थेत संध्याला कुणी रागावलं नाही. शेवटचा टॅग धरणाच्या वरच्या अंगाला सोडून आलेल्या माणसाशी लोक जपून बोलतात, तसे ते बोलले.

पण आशा सुटत नाही. पुराच्या त्याच आठवड्यात धरण भरलं आणि दरवाजे उघडले. खुशालराव बसनं जाऊन स्वतः बघून आले आणि तिथूनच फोन केला. "पानी धो धो चाल्लं पोरी, सगळी दारं उघडेल हायेत. गेली असन ती." संध्यानं नकाशा काढला. दरवाज्यातून गेली असेल तर पूर्णा, तापी. तिथेही पूर होता, तिथेही दरवाजे उघडे होते. अशक्य नव्हतं. कठीण होतं, पण अशक्य नव्हतं. खुशालरावांना तेवढं पुरलं. दिवाळीत त्यांनी गावात सांगितलं की ती सुरतेला पोचली. संक्रांतीपर्यंत त्यांनी तिला निम्मा समुद्र पार करवला. लोक मजेनं विचारायचे, "कुठवर आली तुमची बाई?" आणि ते मनापासून उत्तर द्यायचे.

टॅग सुटायचा दिवस उन्हाळ्यात होता. संध्या तेव्हा सुट्टीवर, आईकडे गावी होती. लॅपटॉपवर उपग्रहाकडून आलेली जागा उमटली. तिनं नकाशा मोठा केला, लहान केला, पुन्हा मोठा केला. निळा समुद्र दिसायला हवा होता. दिसला तो वान धरण असलेला तेल्हारा तालुका.

मग खोलीचा आलेख आला. सोडल्यानंतर थोड्याच दिवसांत ती धरणात पोचली होती. तिथून पुढे सगळा हिवाळा, सगळा उन्हाळा एकच रेघ होती: तळाशी, मग थोडी वर, मग पुन्हा तळाशी. इतकं खोल पाणी धरणात एकाच ठिकाणी असतं, भिंतीच्या पायथ्याशी. दरवाजे उघडे होते त्या दिवसांतही ती तळाशीच होती. दरवाजे वर होते आणि ती खालून वाट शोधत होती. रोज. टॅग सुटला त्या दिवशीसुद्धा.

फोन वाजला. तारीख खुशालरावांनाही ठाऊक होती.

"पोचली का वं आपली बाई?"

"नाही, काका," संध्या म्हणाली. "धरणातच हाय. भिंतीपाशी."

 खुशालराव बगीच्यात असावेत; पलीकडे कुठेतरी पाइपातून पाणी पडत होतं.

"येवढे दिवस?"

"हो."

"भिंतीले खालतून एखांदं भोक नाही पाडता येत काय? लहानसं?" आणि तिनं उत्तर द्यायच्या आतच ते म्हणाले, "नाही म्हना. माह्या संत्र्याले तिथूनच पानी येते."

"आमच्या नळालेबी तिथूनच येते, काका."

स्वयंपाकघरात तिची आई सुंदराबाई नळाखाली पाण्याचा पितळी गुंड भरत होती. त्या गावात विहिरीचं पाणी खारं. ते पिऊन पिऊन संध्याच्या वडिलांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि मग तेही गेले. धरणाचं गोड पाणी पाइपानं आलं ते त्यानंतर. आई अजूनही नळ आला की हातातलं काम टाकून उठायची.

"आता जित्ती हाय का ती?" खुशालरावांनी विचारलं.

"ते नाही सांगता येत. टॅग सुटला ना आता."

"मंग काय करा लागते? तू सांगशील तसं करू. मानसं जमवतो. जाळं घेऊ, डोंगा घेऊ."

एवढ्या पाण्यात एक मासा. संध्यानं डोळे मिटले. त्या माणसाला काहीतरी सांगायला हवं होतं, त्याच्या आवाजातली आशा अजून पुरती गेली नव्हती. पण खोटं सांगवत नव्हतं आणि खरं असं काही तिच्याजवळ नव्हतं.

"मले नाही माहीत, काका," ती म्हणाली.

"बरं," ते म्हणाले.

 त्यांच्याकडे पाणी पडत होतं, तिच्याकडे गुंड भरत होता, आणि दोघांपैकी कुणीच फोन ठेवला नाही.